माणशी ६० रुपये : गावच्या कचऱ्याचं अनुदान कसं येतं, कशाला पुरतं

विदर्भातल्या ग्रामसभेत कचऱ्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मागून कोणीतरी म्हणतं, "शासनाचा लय पैसा येते म्हणतात, जाते कुठी?" आणि समोरून सरपंच म्हणतात, "निधीच नाही त मी काय करू, भाऊ?" दोघांचंही निम्मं खरं असतं. पैसा येतो. पण तो कोणत्या योजनेतून, किती, आणि मुख्य म्हणजे कशासाठी येत नाही, याचा हिशेब सहसा कोणी फळ्यावर मांडत नाही. तो इथं मांडतो.

गावच्या घनकचऱ्यासाठी पैशाचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण), टप्पा दोन. पहिला टप्पा २०१४ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाला, त्याचा भर संडासांवर होता. दुसरा टप्पा २०२०-२१ पासूनचा. त्यात संडासासोबत घनकचरा, सांडपाणी, प्लास्टिक आणि मैला गाळ हे विषय आले. तुमच्या गावाच्या भिंतीवर 'ओडीएफ प्लस' (हागणदारीमुक्तीच्या पुढची पायरी) असं रंगवलेलं दिसत असेल, ते याच टप्प्याचं. त्यातही उदयोन्मुख, उज्ज्वल, उत्कृष्ट अशा तीन पायऱ्या आहेत. घनकचऱ्याची किंवा सांडपाण्याची, दोन्हींपैकी एकाची व्यवस्था झाली की उदयोन्मुख, दोन्ही झाल्या की उज्ज्वल, आणि दोन्ही होऊन गाव नजरेला स्वच्छ दिसलं की उत्कृष्ट, असा साधारण क्रम.

डोई मोजून पैसा

या टप्प्यात पैसा गावाच्या लोकसंख्येवर ठरतो. लोकसंख्या ५००० पर्यंत असेल तर घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये. लोकसंख्या ५००० च्या वर असेल तर घनकचऱ्याला माणशी ४५ आणि सांडपाण्याला माणशी ६६०. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. म्हणजे इतके मिळतीलच असं नाही, इतक्यापर्यंतचं काम मंजूर होऊ शकतं.

१८०० वस्तीचं एक गाव घेऊ. घनकचऱ्यासाठी १८०० गुणिले ६०, म्हणजे १ लाख ८ हजार. हा सगळा पैसा मिशनचा नाही. यातले ३० टक्के, म्हणजे ३२,४०० रुपये, ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे असतात. उरलेले ७५,६०० मिशनचे. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. दिल्लीचे ४५,३६० आणि मुंबईचे ३०,२४०. 'लय पैसा' तो हा.

यात एक गंमत आहे. ४९९० वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी २ लाख ९९ हजार ४०० पर्यंत मिळू शकतात आणि ५०१० वस्तीच्या गावाला २ लाख २५ हजार ४५०. वीस माणसं वाढली आणि मर्यादा पाऊण लाखानं खाली आली. पण त्याच गावाची सांडपाण्याची मर्यादा सुमारे १४ लाखांवरून ३३ लाखांवर जाते, कारण मोठ्या गावाला नाल्या लागतात आणि नाल्यांच्या शेवटी पाणी साफ करायची सोय लागते. त्यामुळे मोठ्या गावाचं एकूण नुकसान होत नाही. फक्त पैसा कचऱ्याकडून नालीकडे सरकतो.

लहान गावांसाठी तळाची सोय आहे. २४० वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर घनकचरा १४,४०० आणि सांडपाणी ६७,२००, दोन्ही मिळून ८१,६००. एवढ्यात काही उभं राहत नाही, म्हणून दोन्ही कामं मिळून किमान १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च प्रत्येक गावाला करता येतो. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळचा झाडीतला भाग इथं ही तरतूद फार कामाची आहे, कारण मोजणी 'गाव' या एककावर आहे, ग्रामपंचायतीवर नाही. गट ग्रामपंचायतीत चार गावं असतील तर चार हिशेब वेगळे व्हायला हवेत. बऱ्याच ठिकाणी चारही गावांची लोकसंख्या एकत्र धरून मुख्य गावात एकच शेड बांधलं जातं आणि टोल्यावरचा, पोडावरचा, म्हणजे लहान वस्त्यांवरचा कचरा जिथला तिथंच राहतो. आपल्या गावचा आराखडा वाचताना हे आधी तपासा.

दुसरी पिशवी : वित्त आयोग

हा पैसा अनेकांना माहीत असतो, पण त्याच्या आतले कप्पे माहीत नसतात. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांचा निधी ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे ठरलेल्या कामालाच. त्या साठातले ३० टक्के स्वच्छतेला आणि ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांना. समजा ग्रामपंचायतीला वर्षात १० लाख आले, तर ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. अबंधित पैशातून पगार आणि आस्थापनेचा खर्च मात्र करता येत नाही.

वर म्हटलेला ३० टक्क्यांचा वाटा याच स्वच्छतेच्या कप्प्यातून निघतो. आपल्या उदाहरणात ३ लाखांतून ३२,४०० काढले तरी मोठी रक्कम शिल्लक राहते, आणि ती कचऱ्याच्या व्यवस्थेवर, तिच्या देखभालीवर वापरता येते. मिशनचा पैसा एकदाच येतो. वित्त आयोगाचा दरवर्षी येतो. म्हणून माझ्या मते गावानं मिशनच्या ६० रुपयांपेक्षा या ३० टक्क्यांच्या कप्प्यावर जास्त डोळा ठेवावा. प्रत्यक्षात उलटं होतं. मिशनच्या शेडचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, आणि वित्त आयोगाचा स्वच्छतेचा कप्पा मार्च तोंडावर आला की नाली दुरुस्ती आणि फवारणीत संपतो.

या निधीला अटीही आहेत. ग्रामपंचायतीचे हिशेब ऑनलाइन असावे लागतात, लेखापरीक्षण झालेलं असावं लागतं. निवडून आलेली बॉडी नसली तर हप्ता अडतो. आणि जे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढलेलं नाही, त्याचं बिल ई-ग्रामस्वराजवरून (पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावरून) निघत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं?) या दोघांची डोंगलवरची, म्हणजे संगणकाला जोडायच्या यंत्रातली डिजिटल सही लागते. एकाचं डोंगल संपलं किंवा सरपंच बदलले की नवीन नोंदणी होईपर्यंत सगळी बिलं लटकतात. 'निधी अडला' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

या आयोगाची मुदत २०२५-२६ पर्यंतची, त्यापुढची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची. आयोग बदलला की कप्पे बदलू शकतात, त्यामुळे जुन्या टक्केवारीवर पुढचा आराखडा बांधू नका. पंचायत समितीतून चालू वर्षाचं पत्र मागून घ्या.

कागद कसा फिरतो

क्रम साधारण असा. गावाचा कृती आराखडा तयार होतो, त्यात किती घरं, किती जनावरं, कुठं उकिरडे, कुठं सांडपाणी साचतं हे येतं. तो ग्रामसभेत ठेवला जातो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी तेवढे हजर लागतात. मग विकास आराखड्यात नोंद, अंदाजपत्रक, अभियंत्याची तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, जिओ-टॅग फोटो, बिल, पूर्णत्वाचा दाखला. पंचायत समितीत गट संसाधन केंद्राचे समन्वयक आणि जिल्हा परिषदेत पाणी व स्वच्छता विभाग ही दोन दारं.

अडतं कुठं? पहिली अडचण जागेची. कचरा सगळ्यांना उचलायला हवा असतो, पण आपल्या धुऱ्याजवळ नको असतो. ग्रामपंचायतीच्या नावानं गावठाणात जागा नसते, आणि नजर जाते ई-क्लासवर. ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन, बहुतेक ठिकाणी चराईची. 'गावाचीच तर आहे' असं म्हणून तिथं टाकं बांधलं आणि पुढं कोणी तक्रार केली, तर काम अडकतं. त्या जमिनीवर बांधकाम करायचं तर महसूल खात्याची रीतसर परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून आराखड्याच्या आधी जागेचा ठराव आणि जागेचा उतारा. हा क्रम उलटा केलेली गावं दोन-दोन वर्षं 'मंजूर पण अपूर्ण' या यादीत राहतात.

दुसरी अडचण जमिनीच्या पोटातली. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नमुना अंदाजपत्रकात दाखवलेला पाया मुरमाड जमिनीला चालतो. काळ्या मातीत तसाच बांधला तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर टाक्याच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग पडते. काळी माती उकरून मुरमाचा भराव घालायचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. नंतर तो कोणी देत नाही. शोषखड्ड्याचंही तेच. खोल काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, खड्डा चार महिन्यांत डबकं होतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात पाणी वरच असतं, तिथं वेगळा विचार. राज्यभर एकच नकाशा वाटला की असं होतं. गावच्या गवंड्याला हे सगळं माहीत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

६० रुपयांत बांधायचं काय?

या पैशातून साधारणपणे कंपोस्ट खड्डे किंवा नाडेप टाकी (खताची विटांची टाकी), कचरा वेगळा करण्याचं शेड आणि तीनचाकी किंवा बॅटरीवरची गाडी घेता येते. तिन्ही एकदम १ लाख ८ हजारांत बसत नाही. निवड करावी लागते, आणि निवड करण्याआधी गावचा कचरा एकदा ओतून पाहावा लागतो.

शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला कचरा असतो. गावात तसं नसतं. भाजीची देठं बकरी खाते, शिळं अन्न कुत्र्याला जातं, शेण उकिरड्यावर, सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार जनावरांना, पऱ्हाट्या-तुराट्या चुलीला. मग गल्लीच्या कोपऱ्यावर जो ढीग दिसतो त्यात काय असतं? वरचा थर काडीनं बाजूला सारा. राख आणि झाडलोटीची माती. तिच्यात खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या, शेकड्यांनी, गाठ मारलेल्या, आत तांबडा ओलावा. कुरकुऱ्यांची, शाम्पूची पाकिटं. तेरवीच्या जेवणातल्या चकचकीत पत्रावळ्या, ज्यांना कागदी म्हणतात पण ज्या कुजत नाहीत. गोळ्यांची पाकिटं. लहान मुलांचे डायपर, आणि जुन्या कापडात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड. दारूच्या काचा. बियाण्याच्या पिशव्या. आणि खाली कुठंतरी कीटकनाशकाची रिकामी बाटली.

म्हणजे खत होणारं कमी आणि न होणारं जास्त. तरी अंदाजपत्रकात पहिलं नाव नाडेपचं असतं, कारण ते बांधायला सोपं, मोजायला सोपं आणि फोटोत छान येतं.

नाडेपवर माझा राग नाही. उलट ती आपल्याच मातीतली पद्धत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती घडवली, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी जाळी. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवायचा, ही तिची खुबी. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर माती, असे थर रचत जायचं आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. तीन ते चार महिन्यांत खत तयार.

पण पद्धतीत एक अट आहे, आणि तीच गावोगाव विसरली जाते. टाकं एक-दोन दिवसांत पूर्ण भरून बंद करायचं असतं. ते शेतकऱ्यासाठी घडवलेलं आहे, ज्याच्याकडे काडीकचरा आधीच जमा असतो. ग्रामपंचायतीच्या टाक्यात मात्र रोज दोन टोपल्या पडतात. भरायला दोन महिने, त्यात पन्न्या मिसळलेल्या, पाणी घालायला कोणी नाही. मग ते वाळतं, त्यात काँग्रेस गवत उगवतं, आणि पुढच्या वर्षी तिथं कोणाच्या तरी गोवऱ्या रचलेल्या दिसतात. टाकं बांधायचंच असेल तर शेजारी कचरा साठवायला सावलीची जागा हवी आणि टाकी निदान दोन हवीत. एवढी तयारी नसेल तर लोकांच्या उकिरड्यांनाच शिस्त लावा, आणि सार्वजनिक पैसा कोरड्या कचऱ्याच्या शेडवर घाला.

शेड म्हणजे महाल नको. पत्रा, चारी बाजूंनी जाळी, दाराला कुलूप, आत चार-पाच कप्पे : पन्नी, बाटली, काच, पुठ्ठा-कागद, आणि ज्याचं काहीच होत नाही ते. वजनकाटा हवा. कीटकनाशकाच्या बाटल्या या शेडमध्ये येऊ देऊ नका, सफाई करणाऱ्या बाईनं त्या उघड्या हातानं वेचणं तर मुळीच नको. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विष हेच.

पन्नीचं पुढं काय

२०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतीवर स्पष्ट जबाबदारी टाकली : कचरा वेगळा करणं, गोळा करणं, पुढं पाठवणं, आणि उघड्यावर प्लास्टिक जाळू न देणं. शेवटचं वाचून आपल्याकडे कोणालाही हसू येईल. संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही गावातून जा, वास येतोच. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, देशभरची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी २०२२ च्या १ जुलैपासून. खर्र्याची पन्नी दोन्हींना पुरून उरली.

एका गावाचं प्लास्टिक इतकं थोडं असतं की त्यासाठी यंत्र घेणं वेडेपणा ठरेल. म्हणून मिशनमध्ये तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र धरलं आहे आणि त्यासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. गावातून आलेलं प्लास्टिक तिथं साफ करायचं, कापायचं, दाबून गठ्ठे करायचे आणि पुढं पुनर्वापराला किंवा डांबरी रस्त्याच्या कामाला द्यायचं. कागदावर साखळी छान आहे. तुटते ती गाव ते तालुका या मधल्या रस्त्यावर. पन्न्यांनी भरलेली ट्रॉली जागा भरपूर खाते आणि वजन काहीच भरत नाही, त्यामुळे डिझेलचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मार्ग एकच : पाच-दहा गावांनी वार ठरवून एकच गाडी फिरवायची आणि तिचा खर्च वाटून घ्यायचा. हा करार ग्रामपंचायतींच्या ठरावानं होऊ शकतो, त्याला वेगळं अनुदान लागत नाही. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे आणि ते चालू आहे का, हे शेड बांधण्याआधी जाऊन पाहून या.

शेणाच्या बाबतीत जिल्ह्याला गोबरधन योजनेत ५० लाखांपर्यंत आहेत, बायोगॅससाठी. ते एखाद-दुसऱ्या मोठ्या गावालाच लाभतं, बाकीच्यांनी त्यावर वेळ घालवू नये.

खरा खर्च इथून पुढं

पुन्हा त्या १८०० वस्तीच्या गावाकडे येऊ. घरं साधारण ४००. रोज सकाळी अर्धा दिवस गाडी फिरवायला आणि कचरा निवडायला दोन माणसं लागतील. दोघांना मिळून महिना १२ हजार धरू, आणि हे कमीच आहे. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. मिशनची एकदाच मिळणारी मर्यादा होती १ लाख ८ हजार. म्हणजे सगळं बांधकाम आणि गाडी मिळून जेवढ्याचं, त्याहून जास्त खर्च एका वर्षाच्या मजुरीचा. आणि मिशनचा पैसा उभारणीचा आहे, रोजच्या मजुरीचा नाही.

गावातली बंद पडलेली गाडी इथं समजते. ती बिघडलेली नसते, तिला ओढणारं कोणी नसतं.

महिन्याचे हे १२ हजार रुपये गावातल्या ४०० घरांवर वाटले तर घरामागे महिना ३० रुपये. खर्र्याच्या दोन पुड्यांना याहून जास्त लागतात, पण ग्रामसभेत हा ठराव मांडून बघा! तरी मांडावाच लागतो. करांची वसुली आपल्याकडे कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, कापूस-सोयाबीन विकलं गेलं की घरपट्टी भरली जाते, मधले महिने कोरडे. म्हणून दरमहा ३० मागण्यापेक्षा वर्षाचे ३६० दिवाळीनंतर, माल विकल्याच्या हंगामात, घरपट्टीसोबत एकाच पावतीवर मागणं व्यवहाराचं. समजा ६० टक्के वसूल झाले : ८६,४०० रुपये. उरलेले ५७,६०० कुठून तरी भरावे लागणार. थोडं भंगार विकून येतं, पुठ्ठा आणि बाटल्यांना भाव असतो, पन्नीला नसतो. बाकी ग्रामनिधीतून, किंवा वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या कप्प्यातून देखभालीचं काम म्हणून. काम महिला बचत गटाला करारानं दिलं तर हिशेबही नीट राहतो आणि गट रोज दारावर जात असल्यामुळे वसुलीही सुधारते. मात्र करारात हातमोजे, बूट, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे, हे लिहून घ्या. 'निधी आला की देऊ' या अटीवर बायकांकडून काम करून घेणारी गावं कमी नाहीत, आणि तिथं तिसऱ्या महिन्यात गाडी थांबते.

हा हिशेब ग्रामसभेत आधी झाला पाहिजे, डीपीआर (कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल) नंतर. माणूस आणि महिन्याचा पैसा ठरला असेल तर जुन्या हातगाडीवरही काम चालतं. तो ठरला नसेल तर कितीही अनुदान आणलं तरी त्यातून फक्त बांधकाम होईल.

आणखी दोन झरे, विदर्भापुरते महत्त्वाचे

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वणी-मारेगावचा पट्टा, जिथं कोळसा, लोखंड किंवा मँगनीज निघतं, तिथं जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. खाणबाधित गावांसाठी तो २०१५ पासून सुरू झाला आणि स्वच्छता हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. बाधित गावांच्या यादीत आपलं नाव आहे का हे जिल्हाधिकारी कार्यालयात पाहता येतं. लोक या निधीतून सभागृह आणि प्रवेशद्वार मागतात. कचऱ्याची गाडी मागितलेली मी क्वचितच ऐकली.

दुसरा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा. गडचिरोली, मेळघाट, आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या काही तालुक्यांतल्या पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट येतो. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, वनं-वन्यजीव-जलसंधारण असे त्याचे विषय. इथं ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि तो वापरणाऱ्या ग्रामसभा गडचिरोलीत आहेत.

रोजगार हमीतूनही खड्डे आणि टाक्यांची कामं जोडून घेता येतात. मजुरीचा भाग तिकडून, साहित्याचा इकडून. फक्त एकाच टाक्याचं बिल दोन योजनांत लागणार नाही एवढं पाहा.

तुमच्या गावचं पाहायचं असेल तर

ई-ग्रामस्वराजचं संकेतस्थळ कोणालाही उघडता येतं, पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा आणि वर्ष निवडा. मंजूर आराखड्यात कामांची यादी दिसते, खर्चात कोणत्या कामावर किती गेले ते दिसतं. तीन गोष्टी जुळवून पाहा : बंधित निधीत स्वच्छतेला किती आले, त्यातून घनकचऱ्याच्या नावानं किती गेले, आणि ते काम गावात कुठं आहे. नाव 'घनकचरा व्यवस्थापन' आणि जागेवर पाहिलं तर नालीवरचे ढापे, असं आढळलं तर लगेच भांडायला उठू नका. आधी ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला विचारा, कारण नोंद करताना यादीतलं चुकीचं खर्चाचं शीर्षक निवडलं जाणं रोजचं आहे. तो नीट सांगू शकला नाही तर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि यादी हिवाळ्यात पक्की होते. १ मेच्या ग्रामसभेत कितीही तावातावानं बोललात तरी त्या वर्षाच्या यादीत नवीन काम घुसवणं अवघड. कचऱ्याचा ठराव, जागेचा उतारा आणि घरामागच्या ३६० रुपयांचा हिशेब घेऊन ऑक्टोबरातच जा, आणि आधीच्या महिला सभेत तो मांडून घ्या. गल्ली झाडणाऱ्या त्याच असतात, तिथं तो लवकर मंजूर होतो.